घोड्यावरचं बिऱ्हाड आणि बारा व्होल्टची रात्र

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून थेट नाशिक हायवे पकडायचा, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या आणि शनिवारी सकाळी शिवनेरी नाहीतर नाणेघाट... पुण्यातल्या आयटीवाल्यांचा हा ठरलेला वीकेंड प्लॅन! दिवाळीनंतर गेलात तर मंचर ते नारायणगावच्या टप्प्यात गाडी एकदा तरी थांबते. समोर शे-दोनशे मेंढ्या, चार कुत्री आणि मागून घोड्यांवर अख्खा संसार. भांडी, गोधड्या, कोंबड्या, वर एखादं लहान मूल. आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि पुढे जातो. पुढच्या वेळी तो फोटो जरा झूम करून बघा. गोधड्यांच्या बोचक्यात कधीकधी वहीएवढं निळं-काळं सोलर पॅनेलही दिसतं.

जगभरात काही हौशी मंडळी घरदार सोडून शिडाच्या बोटीवरच राहतात. अशी बोट आपल्याकडेही बनली आहे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. किनारा सुटला की प्लग सुटला. मग दिवा, रेडिओ, होकायंत्राचा स्क्रीन, सगळं बॅटरीवर. जेवढं दिवसा साठवलं, तेवढ्यातच रात्र काढायची. पारनेर-संगमनेरकडून जुन्नर, आंबेगावात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याचं गणित अगदी हेच आहे. फरक एवढाच, की बोटीभोवती पाणी असतं आणि वाड्याभोवती ऊस.

उसातला शेजारी

कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी (येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे) हा भाग हिरवागार केला. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष शेतात उभा राहतो. सावली, पाणी, आजूबाजूला कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याच्या मादीला पिल्लं वाढवायला आणखी काय हवं? जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून झालेला जुन्नर वन विभाग त्यामुळेच वारंवार बातम्यांत असतो.

शेतकऱ्याला निदान घराचं दार लावून घेता येतं. मेंढपाळाला दार नाही. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि मोकळ्या रानातच झोपायचं. कोकरांना रात्री वाघरीचं जाळं असतं, माणसांना पाल मिळालं तर मिळालं. मेंढपाळांची तान्ही मुलं बिबट्यानं उचलून नेल्याच्या घटना या भागात घडल्या आहेत. त्यानंतर वन विभागानं मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे वाटले. चांगलं केलं. पण दिवा मिळणं वेगळं आणि तो पहाटेपर्यंत जळणं वेगळं.

गणित करून बघू

पाच वॅटचा एलईडी संध्याकाळी सातला लावला आणि सकाळी सहाला विझवला, तर अकरा तासांत 55 वॅट-तास लागतात. त्यात एका मोबाइलचे साधारण 20. म्हणजे झाले 75. वीस वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात पाच तासांत शंभर देईल, पण वायर, धूळ, उष्णता आणि बॅटरीची गळती धरली तर हातात सत्तरच उरतात. म्हणजे एका जागी मुक्काम असला तरी ओढाताणच.

आता वाटचालीचा दिवस घ्या. पॅनेल घोड्यावर, अर्धं गोधडीखाली, तोंड भलतीकडेच. पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तर फक्त कोपऱ्यापुरती वीज जाते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं! आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एक झाकला की बाकीच्यांचाही प्रवाह अडतो. बोटीवाले डोलकाठीच्या सावलीला वैतागतात ते याचसाठी. थोडक्यात, ज्या दिवशी वाडा नव्या रानात उतरतो, आजूबाजूच्या उसात काय आहे याचा पत्ता नसतो, त्याच रात्री बॅटरी सगळ्यात रिकामी असते.

त्यात स्वस्त दिव्यांमधली लेड-अ‍ॅसिड बॅटरी. बारा व्होल्ट, सात अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. पण रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते. नवी असताना रात्रभर चालणारा दिवा मग पहाटे तीनलाच डोळे मिटतो. उपाय आहे. दोन वॅटचा मंद दिवा रात्रभर ठेवला तर 22 वॅट-तासांत काम भागतं, आणि हालचाल टिपणारा जोराचा दिवा वेगळा. फक्त त्या सेन्सरचं तोंड उसाकडे हवं. मेंढ्यांकडे केलंत तर दोनशे मेंढ्या त्याला मिनिटभर झोपू देणार नाहीत!

दिव्यानं बिबट्या हमखास पळतो, असं मात्र कुणी समजू नये. एकाच जागी रोज जळणाऱ्या दिव्याची त्याला सवय होते. केनियात नैरोबीजवळच्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलानं सिंहांसाठी लुकलुकणारे दिवे बनवले, कारण स्थिर उजेडाला सिंह घाबरत नाहीत हे त्याला गोठ्याभोवती फिरतानाच कळलं होतं. सामान काय? जुनी कारची बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि एक सोलर पॅनेल. 2013 मध्ये तो टेडच्या मंचावर होता, तेराव्या वर्षी.

एका बाबतीत वाडा बोटीपेक्षा सुखी आहे. पावसाळ्यात चिखलात मेंढ्यांचे खूर सडतात, म्हणून धनगर घाटमाथ्याचा पाऊस टाळून पूर्वेकडच्या कोरड्या माळावर परततात. मेंढीला आणि पॅनेलला आभाळ एकाच प्रकारचं लागतं.

आणि वजन? सात अ‍ॅम्पिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते, तेवढीच लिथियम फॉस्फेट किलोभर. लिथियम महाग पडते, पण तिच्यातली ऐंशी-नव्वद टक्के वीज बिनधास्त वापरता येते. बोटवाले हा हिशेब वर्षानुवर्षं करत आले आहेत. इकडे तो घोडीच्या पाठीवर, हंडा आणि कोंबड्यांच्या डालग्यामध्ये जागा शोधताना होतो.