गाईड निघाले, आता संशोधकाने काय करावं?

केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं झालं, तेव्हापासून त्याची हद्द एका जिल्ह्याचीच आहे. इथले सर किंवा मॅडम कोल्हापूर-पुण्याला सोडाच, शेजारच्या तुळजापूरच्या कॉलेजात रुजू झाले तरी विद्यापीठ बदलतं. मागे राहिलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मग झोप लागत नाही.

नोंदणी विद्यापीठाकडे असते, गाईडकडे नाही. गाईडमागे जायचं तर नव्या ठिकाणचा प्रवेश, मुलाखत, कदाचित कोर्सवर्कही पुन्हा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. जुनी वर्षं नव्या ठिकाणी धरणार का, फेलोशिप चालू राहणार का, याचं उत्तर लेखीच घ्यावं. फोनवरचं ‘होऊन जाईल’ पुढे कुणी मानत नाही.

याच नियमांत लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक स्त्रियांना आपला विदा सोबत नेण्याची मुभा आहे. मात्र ते काम संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचं नसावं, आणि श्रेय जुन्या संस्थेला व गाईडला द्यावं लागतं.

विषय कुठे रुजलाय, हेही पाहायला हवं. सांगोल्याच्या डाळिंबावरील तेल्या रोगाचा अभ्यास करणाऱ्याच्या बागा इथे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच. प्रयोगशाळेतलं उपकरण डेडस्टॉक रजिस्टरवर चढलेलं असतं, ते सरांच्या सामानातून जात नाही. उलट, सगळं कामच गाईडच्या हातच्या तंत्रावर उभं असेल आणि विभागात दुसरं कुणी जाणकार नसेल, तर पहिल्या वर्षी निघालेलं बरं. प्रबंध लिहीत असलेल्याने मात्र मुळीच हलू नये.

थांबणं म्हणजे गुरूशी बेइमानी, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे आणि ती विद्यार्थ्यांचं नुकसान करते. दुर्गा भागवतांची बहीण कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, केंब्रिजला डेरेक रिक्टर यांच्याकडे काम करत होत्या. दिवसा टेबल कमलाबाईंचं, रात्री रिक्टर यांचं. रिक्टर दुसरीकडे गेले तेव्हा त्या केंब्रिजमध्येच राहिल्या आणि रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींच्या पेशींकडे वळल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता.

आपल्याकडे मधला मार्गही आहे. विद्यापीठाने मंजुरी दिली तर बाहेरच्या संस्थेतले प्राध्यापक सहमार्गदर्शक राहू शकतात. ‘सर, मी नोंदणी इथेच ठेवते, तुम्ही को-गाईड राहाल का?’ हा प्रश्न सर कार्यमुक्त होण्याआधीच विचारावा, म्हणजे अर्ज, नवे गाईड आणि संशोधन सल्लागार समितीची बैठक हे सगळं त्यांच्या देखत मार्गी लागतं.