राजूरच्या पगारातले दोनशे रुपये

राजूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. हे राजूर यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं. जमिनीखाली कोळसा आणि वर चुन्याच्या भट्ट्या, अशी त्याची ओळख. या भागात कुणाची शेती खाणीत गेली की बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळते, आणि रुजू होताना त्या पोराचे पहिले दिवस कागदांतच जातात. आधार, पॅन, पासबुक, वैद्यकीय तपासणी, वारसाचं नाव. आणि ‘फॉर्म बी’.

हा फॉर्म बी म्हणजे 1952 च्या खाण कायद्याने घालून दिलेली कामगारांची नोंदवही. नाव, बापाचं नाव, वय, काम जमिनीखाली की वर, रुजू झाल्याची तारीख, आणि शेवटी सही किंवा अंगठा. एवढी एक ओळ. पण साठाव्या वर्षी निवृत्ती नेमकी कोणत्या दिवशी, हे ठरवताना तीच ओळ बघितली जाते. त्या ओळीतल्या जन्मतारखेवरून कामगार थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. रुजू होण्याच्या गडबडीत लिहिलेला एक आकडा तीस-पस्तीस वर्षांनी माणसाच्या पुढ्यात उभा राहतो!

मग पहिला पगार येतो, आणि पे-स्लिपवरच्या कपाती. पी.एफ.चे पैसे इथून निघून पार झारखंडात, धनबादला जमा होतात, कारण कोळसा कामगारांचा भविष्य निर्वाह निधीच वेगळा आहे. तो 1948 सालचा. बाकीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी असा कायदा व्हायला 1952 उजाडलं. देशात पी.एफ.चा कायदेशीर हक्क आधी मिळाला तो कोळसा खणणाऱ्यांना, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त थक्क करते ती स्लिपवरची सर्वांत लहान रक्कम. व्यवसाय कर, दोनशे रुपये. आपण तिला ‘पी.टी.’ म्हणतो आणि पुढे सरकतो. फेब्रुवारीत मात्र तीनशे कापले जातात आणि नवा माणूस बुचकळ्यात पडतो. हिशेब सोपा आहे. अकरा महिन्यांचे 2200 आणि फेब्रुवारीचे 300, मिळून 2500. यापुढे एक रुपयाही घेता येत नाही, कारण ही मर्यादा खुद्द राज्यघटनेतच आहे, अनुच्छेद 276 मध्ये. आधी ती वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने 2500 झाली आणि तिथेच थांबली. म्हणून महिना अकरा हजारांचा मदतनीस आणि लाखोंच्या पगाराचा अधिकारी, दोघांचे तेवढेच कापले जातात. महिलांना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.

आणि हा कर आला कशासाठी? 1972 च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खणायला रस्त्यावर आली. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची, 1965 च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात तिचा आरंभ झाला होता. पण काम द्यायचं तर पैसा हवा. 1975 चा व्यवसाय कराचा कायदा त्यासाठीच झाला. नोकरदारांकडून कर घ्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि तो निधी रोजगार हमीला. 1977 च्या कायद्याने तो हक्क पक्का केला. देशाला असा कायदा मिळाला 2005 साली. म्हणजे शेती जाऊन खाणीत लागलेल्या राजूरच्या पोराच्या स्लिपवरची ही ओळ शेतावर काम नसलेल्या मजुरासाठी लिहिली गेली होती. नोकरी असलेल्याने नोकरी नसलेल्याच्या हाताला काम द्यायचं, असा हा करार, आणि महाराष्ट्राने तो देशाच्या किती तरी आधी केला. शाळेत तो शिकवायला हवा.

राहिला आयकर. पगारातून तो आधीच कापून घेण्याची तरतूद आपल्याकडे 1922 च्याच कायद्यात होती. अमेरिकेत पगारातून सरसकट कपात आली 1943 मध्ये, ब्रिटनमध्ये 1944 मध्ये. मालक वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतो, त्यावरचा कर काढतो आणि महिन्यांवर वाटतो. नोकरी बदलली की मात्र हा अंदाज फसतो. समजा वर्षाला 14 लाखांच्या पगारावरचा माणूस ऑक्टोबरात तेवढ्याच पगारावर दुसरीकडे गेला. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत त्याचा कर होतो 81,900 रुपये. पहिल्या कंपनीने निम्मा कापलेला असतो. दुसरीला फक्त स्वतःचे सात लाख दिसतात. 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगाराला कर नाही, म्हणून ती काहीच कापत नाही. विवरणपत्र भरायच्या वेळी 40,950 रुपये एकदम अंगावर येतात, वर व्याज.

तेव्हा नव्या ठिकाणी रुजू होताना आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील स्वतःहून द्या, जन्मतारीख दोनदा वाचूनच सही करा, आणि लग्न झाल्यावर पी.एफ.चा वारस नव्याने लिहून द्या. ठेकेदाराकडे कामाला असाल तरी पे-स्लिप मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.