चिरकारी ल्युकेमिया आणि औषधाचा नेम

कर्करोगातून वाचलेल्या मनुष्याच्या आयुष्याची शास्त्रीय मांडणी करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८५ साली केला. ते स्वतः या रोगातून गेलेले होते. त्यांनी या आयुष्याचे तीन ऋतू कल्पिले : निदान व उपचार यांचा तीव्र काल, उपचार संपल्यानंतरचा साशंक प्रतीक्षेचा काल, आणि रोग परतण्याचा संभव फार उणावल्यानंतरचा स्थिर काल. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांस ही मांडणी उत्तम लागू पडते. लहान मुलांच्या तीव्र लिंफॉइड ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि मग थांबतो. पुढे मुलाचे हृदय, त्याची वाढ, त्याचे शिक्षण यांवर त्या औषधांचे काय परिणाम राहिले, याची चौकशी करावयाची असते. परंतु ‘रक्ताचा कर्करोग’ हा एक रोग नव्हे. त्याचा जो प्रकार चिरकारी मायलॉइड ल्युकेमिया या नावाने ओळखला जातो, त्यात ‘उपचार चालू असताना’ आणि ‘उपचारानंतर’ यांमधील सीमारेषा गेल्या पाव शतकात जवळजवळ पुसली गेली आहे. ती कशी पुसली गेली आणि त्यायोगे रुग्णाच्या नित्य जीवनास कोणते वळण लागले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहू. १९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांस या रुग्णांच्या श्वेतपेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ साली जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला : क्रमांक ९ व क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात. या अदलाबदलीतून दोन जनुके एकमेकांस जोडली जाऊन एक नवेच जनुक सिद्ध होते, आणि त्यापासून बनणारे एंझाइम अस्थिमज्जेतील पेशींस अखंड वाढीची आज्ञा देत राहते. हे एंझाइम बंद पाडणारे इमॅटिनिब हे औषध ब्रायन ड्रकर व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये रुग्णांस प्रथम दिले. २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्यापूर्वी निदानानंतर रुग्ण साधारणतः तीन ते सहा वर्षे जगे, आणि रोग समूळ घालविण्याचा मार्ग म्हणजे जुळणाऱ्या दात्याची अस्थिमज्जा बसविणे हाच होता. इमॅटिनिबच्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत ते औषध प्रथमपासून मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते.

हे यश वाचून असा समज होणे स्वाभाविक आहे, की प्रश्न मिटला. वस्तुतः येथून एक निराळाच प्रश्न सुरू होतो. औषध रोगाच्या मुळाशी असलेल्या पेशींचा पूर्ण नायनाट करीत नाही. ते त्यांना दाबून ठेवते. म्हणून गोळी रोज घ्यावयाची, आणि बहुतेकांनी ती वर्षानुवर्षे घ्यावयाची. आपल्याकडील व्रतांना उद्यापन असते; या नेमाला ते ठरलेले नाही. रुग्णालयात पडून राहणे नाही, केस गळणे सहसा नाही. मनुष्य कामावर जातो, लग्नकार्यात मिरवतो. त्यामुळे शेजारीपाजारी, पुष्कळदा घरचे लोकही, त्यास बरा झालेला समजतात. मात्र डोळ्यांखाली येणारी सूज, रात्री पायांत येणारे वांब, मळमळ, आणि विश्रांतीनेही न हटणारा थकवा हे त्याचे सोबती असतात. आपल्या देशात एक परिणाम विशेष लक्षात येतो : त्वचेचा रंग फिका होणे. हे औषध रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींस लागणाऱ्या एका प्रथिनासही अडविते. वैद्यकाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ. पण ज्या समाजात कातडीवरील फिका डाग दिसताच कोडाची कुजबूज सुरू होते आणि विवाह मोडू शकतात, तेथे तिला किरकोळ म्हणणे मला धाडसाचे वाटते. त्यातून भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण वयात आढळतो. तेव्हा हे भोग ऐन संसाराच्या वयातले आहेत.

असा त्रास असता गोळी चुकते, किंवा चुकविली जाते. त्याचा परिणाम किती व्हावा? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत अभ्यासकांनी मुळातूनच पाहावे. त्यांनी ८७ रुग्णांस दिलेल्या औषधाच्या बाटलीच्या झाकणात एक सूक्ष्म यंत्र बसविले होते. बाटली केव्हा उघडली याची नोंद ते करी. तीन महिन्यांच्या नोंदींवरून पाहता, ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेतल्या त्यांच्यात रोगाचा अंश अत्यल्प पातळीवर उतरण्याची सहा वर्षांतील संभाव्यता सुमारे ९४ टक्के होती. इतरांत ती सुमारे २८ टक्केच होती. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणे. तीन गोळ्या! ज्या सर्वांस रक्तदाबाची अगर मधुमेहाची गोळी घेण्याचा अनुभव आहे, त्यांनी आपापल्या महिन्याचा हिशेब मनाशी करून पाहावा. या अभ्यासाने एक जुनी समजूत ढासळली. जीवघेणा रोग असला म्हणजे रुग्ण औषध आपोआपच नेमाने घेईल, असे गृहीत धरले जात असे. प्रत्यक्षात सुमारे चतुर्थांश रुग्ण त्या मर्यादेखाली होते. याचे कारण, माझ्या मते, रुग्णाच्या बेफिकिरीत शोधू नये. औषध घेतल्याने आज जाणवतो तो त्रास. लाभ जाणवतो तो तीन महिन्यांनी, प्रयोगशाळेच्या कागदावर.

हा कागद रुग्णाच्या वर्षाची विभागणी करतो. रक्तातील त्या विकृत जनुकाचे प्रमाण दर तीन महिन्यांनी मोजतात. ०·१ टक्का किंवा त्याहून कमी आले, तर उपचार चांगला लागू पडला असे समजतात. आकडा किंचित वर गेला, की कित्येक घरांत पुढील तपासणीपर्यंतचे बेत तहकूब होतात. आकडा चढतच राहिला तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब यांसारखी पुढची औषधे आहेत.

नेम पाळावयाचा तर गोळी परवडलीही पाहिजे. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांची किंमत भारतात महिन्यास सुमारे १,२०,००० रुपये होती, आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाची सुमारे ८,००० ते १०,००० रुपये. कंपनी पुष्कळ रुग्णांस औषध विनामूल्य देत असे, हेही नमूद केले पाहिजे. तथापि दान आणि हक्क यांत भेद आहे. औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावरील पेटंटास ज्यांनी विरोध केला, त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी, ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने उपचाराची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाले नाही, या कारणास्तव कंपनीचे अपील फेटाळले.

तरुण स्त्रियांपुढील पेच याहून बिकट. गर्भारपणाच्या आरंभी हे औषध चालू राहिल्यास गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. औषध सोडावे तर रोग उसळण्याचा. पुरुषांच्या बाबतीत असा धोका आढळलेला नाही. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीस आधी रोग दीर्घकाळ अत्यल्प पातळीवर आणून, मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध थांबवून, प्रसंगी इंटरफेरॉनचा आधार घेऊन हा काल निभवावा लागतो. सासरी आजाराची वाच्यता न केलेल्या स्त्रीला ही योजना कशी आखता यावी, हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकांत सापडत नाही.

गोळी कधीच थांबविता येणार नाही काय? फ्रान्समध्ये फ्रान्स्वा-झाव्हिए माओं यांच्या नेतृत्वाखाली, किमान दोन वर्षे ज्यांच्या रक्तात रोगाचा माग लागत नव्हता अशा १०० रुग्णांचे औषध बंद करण्यात आले. पाच वर्षांनंतर सुमारे ३८ टक्के रुग्ण गोळीवाचून रोगमुक्त स्थितीत होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत रोगाचा माग पहिल्या सहा-सात महिन्यांतच पुन्हा दिसला, आणि औषध परत सुरू करताच तो आटोक्यात आला. आज निवडक रुग्णांत असा प्रयत्न केला जातो. मात्र प्रथम काही महिने दरमहा रक्त तपासण्याची सोय असल्याखेरीज तो करू नये. पूर्वी तीन महिन्यांनी येणारा तो कागद आता महिन्याला येतो. शिवाय यांतील कित्येकांस गोळी सोडल्यावर खांदे, नितंब, सांधे यांत नव्यानेच वेदना सुरू होतात. त्या रोगाच्या नसून औषध सुटल्याच्या असतात आणि बहुधा काही महिन्यांत शमतात. ही गोष्ट रुग्णास आगाऊ सांगितलेली नसेल, तर पहिल्या दुखण्याबरोबर तो पुन्हा निदानाच्या दिवसापाशी येऊन उभा राहतो.