ब्रेकचे पॅड : केव्हा व कसे बदलावेत

नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ (पूर्वीचा क्रमांक ६) गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यातून जातो. नवेगाव व नागझिरा या वनांत ये-जा करणारे वन्यप्राणीही तो ओलांडतात. येथे वाहन वेळीच थांबणे अगत्याचे ठरते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. पॅड पूर्ण झिजल्यास ते आणखी वाढते.

डिस्क ब्रेकमध्ये दोन पॅड फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबतात व घर्षणाने गतीचे रूपांतर उष्णतेत होते. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरपर्यंत उतरला किंवा करकर आवाज येऊ लागला की पॅड बदलावेत.

हे काम घरी करावयाचे असल्यास वाहन सपाट जागी उभे करून इतर चाकांना ठोकळे लावावेत. चाकाचे नट आधी सैल करावेत. केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम स्टँड द्यावा. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल सांडू देऊ नये. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलावेत. त्यांना वंगण लागू देऊ नये. वाहन हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत वारंवार दाबावे. अन्यथा पहिल्या खेपेस ब्रेक लागत नाही.

शाळेची मुले नेणाऱ्या वाहनांचे पॅड पावसाळ्यापूर्वी जाणकार मेकॅनिककडून तपासून घेण्याचा आग्रह शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी धरावा.