रिंग गिअर (फ्लायव्हील)

रिंग गिअर हे इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या (प्रचक्राच्या) परिघावर बसवलेले पोलादी दातेरी कडे होय. स्टार्टर मोटारीचे लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, या कड्यात अडकून इंजिन फिरवते. जुन्या मालमोटारींमध्ये या दोन्ही भागांचे दात झिजणे किंवा तुटणे हा नेहमी आढळणारा दोष आहे.

रचना व कार्य

इ.स. १९११ मध्ये चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याची गरज कमी झाली. पिनियनला ११ व रिंग गिअरला १३२ दात असल्यास पिनियनच्या १२ फेऱ्यांत फ्लायव्हीलची एक फेरी होते. त्यामुळे तुलनेने लहान मोटारही जड डिझेल इंजिन फिरवू शकते. इंजिन सुरू झाल्यावर हेच गुणोत्तर उलट लागू होते. इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्या होत असताना पिनियन अडकलेलेच राहिले, तर त्याच्या १२,००० फेऱ्या होतात. मोटारीला या वेगापासून वाचवण्यासाठी पिनियनमागे एकदिश क्लच असतो.

झीज ठरावीक जागी का होते

बंद होणारे इंजिन कोठेही थांबत नाही. एखाद्या सिलिंडरातील हवा दाबली जात असताना तिच्या विरोधामुळे ते अडते. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात फ्लायव्हीलवर अशा दोन जागा समोरासमोर येतात, तर सहा सिलिंडरांच्या इंजिनात १२०° अंतरावर तीन जागा येतात. पिनियनची पहिली धडक दरवेळी याच दातांवर बसते. म्हणून कड्याचे बहुतेक दात चांगले असूनही गाडी सुरू होत नाही. गिअर टाकून गाडी थोडी पुढे ढकलल्यावर स्टार्टर नीट लागला, तर रिंग गिअरचे काही दात गेल्याचे ते ठळक लक्षण मानले जाते.

कमकुवत बॅटरी, स्टार्टरचे सैल बोल्ट, झिजलेले बुश, चुकीच्या दातांचे पिनियन, तसेच फ्लायव्हील पूर्ण थांबण्यापूर्वी पुन्हा चावी फिरवणे यांमुळे झीज वाढते.

तपासणी

चाकांना उटी लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि बॅटरीची तार सोडवूनच स्टार्टर काढतात. त्याच्या छिद्रातून पाहत इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवले जाते व खराब दातांवर खडूने खूण केली जाते. मोजकेच दात पाहून दिलेला निष्कर्ष चुकू शकतो. केवळ नवा स्टार्टर बसवल्यास तुटक्या दातांवर आपटून त्याचे पिनियनही लवकर खराब होते.

दुरुस्ती

रिंग गिअर बदलण्यासाठी गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील उतरवावे लागते. जुन्या कड्याला दोन दातांच्या मध्ये अर्धवट भोक पाडून ते छिन्नीने फोडतात. या वेळी डोळ्यांना चष्मा आवश्यक असतो आणि फ्लायव्हीलला इजा होऊ न देण्याची काळजी घेतली जाते.

नवे कडे बसवण्याचे तत्त्व बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवण्यासारखेच आहे. कडे तापवून प्रसरण पावले की ते फ्लायव्हीलवर ठेवतात आणि निवताना ते आवळून घट्ट बसते. ४०० मिलिमीटर व्यासाचे पोलादी कडे २००° सेल्सियसने अधिक तापवल्यास त्याचा व्यास सुमारे १ मिलिमीटरने वाढतो. कडे सर्वत्र सारखे तापणे महत्त्वाचे असते. पोलादावर निळी झाक येईपर्यंत तापवल्यास दातांना दिलेले पाणी उतरते व ते मऊ पडतात. तापलेल्या कड्यावर पाणी ओतणेही टाळले जाते. दातांची उतरती कड पिनियन ज्या बाजूने आत येते त्या बाजूस ठेवावी लागते.

झीज थोडी असल्यास सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे जुने कडे तापवून काढून ६०° फिरवून पुन्हा बसवता येते. त्यामुळे न झिजलेले दात धडकेच्या जागी येतात. वेल्डिंगने दात भरून कानशीने आकार देण्याचा उपाय मात्र तात्पुरता ठरतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जवळच्या दातांचा कठीणपणा जातो आणि कडे वाकण्याचा संभव असतो.

स्टार्टरचे पिनियन, एकदिश क्लच व बुश यांची तपासणी याच वेळी केली जाते. झिजलेले पिनियन तसेच ठेवल्यास नव्या कड्याचे दात पुन्हा खराब होतात. म्हणून दात बदलण्याइतकेच झिजेचे मूळ कारण दूर करणेही या दुरुस्तीत आवश्यक असते.