कव्हर कुणाचं, गळा कुणाचा?

शनिवारची संध्याकाळ. रूफटॉपच्या कोपऱ्यात पाच जणांचा बँड वाजवतोय. तुम्ही मान डोलावताय आणि मनात म्हणताय, 'अरे, ही तर माझीच प्लेलिस्ट!' पण बॉस, ती यादी अशी सहज झालेली नसते. तिच्यामागे रुसवेफुगवे असतात, गणितं असतात आणि कधीकधी अख्खा बँडच पणाला लागलेला असतो.

हे मी ठामपणे सांगते, कारण माझी रूममेट अशाच एका बँडमध्ये गाते. बँड पुण्यातला. गिटारवाला बँकेत, ड्रमर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, कीबोर्डवाला डेंटिस्ट आणि बेसवाला सीएच्या परीक्षांच्या चक्रात. बाणेरच्या एका रूफटॉपवर त्यांना दुसऱ्यांदा बोलावणं आलं. पहिल्या वेळी गर्दी यथातथाच होती. मालक सरळच म्हणाला, "या वेळी टेबलं भरली तर महिन्यातून एक शनिवार तुमचा. नाहीतर मी डीजे लावतो." झालं! तीन रविवार मी वही घेऊन त्यांच्या जॅमरूममध्ये ठाण मांडून बसले.

आवडतं ते नव्हे, जमतं ते

पहिल्या रविवारी प्रत्येकाने दहा आवडती गाणी आणली. पाच जण, पन्नास गाणी. हवी होती वीस! पाऊण तासाचे दोन सेट, एक गाणं सरासरी चार मिनिटांचं, मधलं बोलणं-ट्यूनिंग धरलं की एका सेटमध्ये दहाच बसतात. म्हणजे तीस गाण्यांना नारळ.

पहिला बळी गेला तो 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा. ईगल्सचं हे १९७६ च्या अल्बममधलं गाणं वाजवल्याशिवाय आपण गिटारिस्टच नाही, असं यांच्या गिटारवाल्याचं मत. पण गाणं साडेसहा मिनिटांचं आणि शेवटच्या त्या जगप्रसिद्ध तुकड्यात दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून जातात. इथे गिटार एकच! लोकांच्या कानात दोन वाजत असताना स्टेजवर एक वाजली की काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तीच गत. मधला ऑपेराचा भाग खुद्द क्वीनसुद्धा कॉन्सर्टमध्ये टेपवर लावायचे, मग आपण कोण?

उलट 'चुरा लिया है' हसत हसत पास झालं. १९७३ च्या 'यादों की बारात'मधलं आरडी बर्मनचं हे गाणं एका गिटारवर उभं राहतं. सुरुवातीची ती ग्लासची किणकिण तर ड्रमरने बारमधलाच ग्लास आणि चमचा घेऊन वाजवायचं ठरवलं. खर्च शून्य, इफेक्ट सॉलिड!

पट्टीचं भांडण

दुसरा रविवार गळ्याचा. यादीतली निम्मी गाणी पुरुषांनी गायलेली आणि गाणारी मुलगी. लकी अलीचं 'ओ सनम' (१९९६) मूळ पट्टीत घेतलं तर ती तळाशी पुटपुटत होती, सप्तक वर नेलं तर किंचाळत होती. "अगं, सवय होईल," गिटारवाला म्हणाला. "तुझ्या बोटांना होऊ दे ना सवय," ती म्हणाली. पॉइंट बरोबर होता. गिटारला कॅपो लावून पट्टी चढवायला दहा सेकंद लागतात, गळा मात्र बदलून मिळत नाही. पट्टी खाली आणायची असेल तर कॅपो उपयोगाचा नाही, कॉर्ड्स बदलाव्या लागतात किंवा तारा उतरवाव्या लागतात. म्हणून उतरवलेल्या तारांची गाणी त्यांनी एकापाठोपाठ ठेवली. नाहीतर दर गाण्यानंतर ट्यूनिंग आणि लोक आपापल्या मोबाइलमध्ये!

बेसवाल्याची कुरकुर वेगळीच. "दुसऱ्यांचीच गाणी वाजवायची तर आपण काय झेरॉक्स मशीन आहोत?" प्रश्न रास्त आहे. पण बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बममध्येही चौदांपैकी सहा गाणी इतरांची होती. त्यातलं 'ट्विस्ट अँड शाऊट' आयस्ली ब्रदर्सनी १९६२ मध्येच गाजवलेलं, तरी आज ते बीटल्सचंच वाटतं. आपल्या मुंबईतला रॉक मशीन हा बँडही १९८४ मध्ये सुरू झाला तो इतरांची गाणी वाजवतच. पुढे स्वतःची गाणी आली आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नवं नावही. उसन्या गाण्यांवर हात बसतो राव, आणि आपला आवाज कुठला तेही तिथेच कळतं.

मराठी? पबमध्ये?

खरा स्फोट तिसऱ्या रविवारी झाला. माझ्या रूममेटने विसावं गाणं सुचवलं, 'ही चाल तुरूतुरू'. शान्ता शेळक्यांचे शब्द, देवदत्त साबळेंची चाल, जयवंत कुलकर्णींचा आवाज. जॅमरूममध्ये पाच सेकंद शांतता. मग गिटारवाला म्हणाला, "मराठीच हवं तर 'झिंगाट' घे, निदान लोक नाचतील. हे गणपतीच्या मंडपात ठीक आहे. इथे हसतील आपल्याला."

ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "तीन वर्षं मी तुम्ही सांगाल ते गातेय. एकोणीस गाणी तुमची. एक माझ्या भाषेतलं, माझ्या पट्टीत. नसेल जमत तर दुसरी गायिका शोधा." बापरे! कीबोर्डवाल्याने चष्मा पुसायला घेतला. शेवटी ड्रमरनेच हळूच ठेका धरला, थोडा संथ, ब्रशवर. बेस आपोआप आला. गिटार आली सगळ्यात शेवटी, पण आली.

मग प्रश्न, ठेवायचं कुठे? जागा उघडी, म्हणजे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद. शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांना येणारी धमाल गाणी हवीत. सुरुवातीला लोक मेन्यूकार्डात असतात. म्हणून पावणेदहाच्या आसपास, 'चुरा लिया'च्या पाठोपाठ.

त्या शनिवारी मी मागच्या टेबलवर होते. गाणं सुरू झालं तेव्हा शेजारच्या ग्रुपने बिल मागवलं होतं. पहिल्या ओळीला एकाने मान वळवली. दुसऱ्या कडव्याला सगळे गुणगुणत होते आणि वेटर बिल घेऊन तसाच उभा! टेबलं खचाखच भरली असं नाही म्हणणार मी. पण उठायला निघालेली टेबलं बसून राहिली आणि मालकाला नेमकं तेच दिसलं. "पुढच्या महिन्यात तिसरा शनिवार," तो म्हणाला, "आणि मराठी दोन ठेवा."

"दुसरं मी निवडणार," गिटारवाला लगेच म्हणाला.

तुमचाही बँड आहे? मग हे वाचाच...

• गाणं निवडण्याआधी माणसं मोजा. एका गिटारचा बँड असाल तर दोन गिटारींच्या गाण्याचा मोह टाळा.

• पट्टी गाणाऱ्याची. वाजवणाऱ्यांनी जुळवून घ्यायचं.

• पहिलं आणि शेवटचं गाणं झोपेतही चुकणार नाही असंच हवं.

• दुसऱ्यांची गाणी जाहीरपणे गाताना गीतकार-संगीतकारांचा हक्क असतो. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं लायसन्स साधारणपणे जागेचा मालक किंवा आयोजक घेतो. घेतलंय ना, ते आधीच विचारा.

• वीसमधलं एक गाणं असं ठेवा, जे फक्त तुमच्याच बँडच्या यादीत सापडेल. त्यासाठी भांडावं लागलं तर बिनधास्त भांडा!