कंपनी मेली, तंजावरची दौलत कुणाची?

एका कंपनीने एक राज्य गिळलं. घरातली दौलत परत मिळावी म्हणून राणीने तिच्यावर दावा लावला. आणि अपिलाचा निकाल लागायच्या आतच कंपनीचाच कारभार संपला! मग आता भांडायचं कुणाशी?

ऑक्टोबर 1855. व्यंकोजीराजे भोसल्यांच्या वंशातले तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले, मागे मुलगा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य तर खालसा केलंच, पण फौज आणून राजवाड्यातल्या खासगी चीजवस्तूही ताब्यात घेतल्या. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि खासगी मालमत्तेचा दावा चक्क जिंकल्या. कंपनी अपिलात लंडनला धावली.

तेवढ्यात कंपनीचा कारभार संपवणारा 1858 चा कायदा आला. कंपनीच्या जमिनी, रोकड, कोठारं, सगळं एका फटक्यात ब्रिटनच्या राणीचं झालं. एखादं दुकान बंद होतं तेव्हा माल विकून देणी भागवतात, उरलंसुरलं भागीदार वाटून घेतात. इथे माल राणीकडे गेला आणि देणी हिंदुस्थानच्या महसुलावर पडली. आणि भागीदार? त्यांच्या 60 लाख पौंडांच्या भागभांडवलाला त्या कायद्याने हातही लावला नाही. त्यावर साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे दरसाल 6,30,000 पौंड, आपल्या रयतेच्या करातून जात होते. गंमत पाहा, कंपनीचा व्यापार तर 1833 च्या कायद्यानेच बंद केला होता! धंदा नाही, तरी नफा चालू.

1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कामाक्षीबाईंच्या समोर कंपनी नव्हतीच. तिच्या जागी भारतमंत्री उभे होते. निकाल असा: ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेची कृती, ती न्याय्य की अन्याय्य, हे ठरवण्याचा कोर्टाला अधिकारच नाही. हिशेबवह्या ठेवणारी, लाभांश वाटणारी कंपनी दौलत घेताना मात्र राजसत्ता ठरली! एवढी सोयीची दुहेरी ओळख दुसऱ्या कुणाला मिळाली असेल, असं मला वाटत नाही. पुढे 1862 मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली. पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

कंपनी कागदावर मात्र 1 जून 1874 पर्यंत जगली. जाताना भागधारकांना दर 100 पौंडांच्या भागामागे 200 पौंड मिळाले.

तिची दप्तरं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. भोसल्यांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह मात्र तंजावरलाच राहिला आणि 1918 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तंजावरला गेलात तर नुसतं तिथलं मोठं देऊळ पाहून परतू नका, राजवाड्यातल्या या ग्रंथसंग्रहातही जा.